चिमटा कुठला?

आमच्या प्रयोगशाळेत कुणी चांगली बातमी आणली की निपाणीकडच्या अक्का आधी एकच विचारतात, "चिमटा कुठला घेतला होतास?" अभिनंदन नंतर, झालंच तर.

वीज गेली तरी काही न विसरणाऱ्या मेमरीसाठी आम्ही चुंबकीय भुकट्या बनवतो. नमुना स्टीलच्या चिमट्याने उचलला तर लोखंडाचा कण चिकटतो आणि नसलेलं चुंबकत्व दिसायला लागतं. म्हणून अक्कांच्या पर्समध्ये कायम प्लास्टिकचा चिमटा असतो. बनशंकरीच्या बसमध्ये त्याच चिमट्याने त्यांनी एकदा गजऱ्यातली मुंगी काढली होती.

गेल्या महिन्यात अक्कांच्याच नमुन्याचा चुंबकत्वाचा आलेख फार सुंदर आला. त्याच्यावर त्यांच्या नोकरीची मुदत वाढणार होती. सरांनी मैसूरपाक वाटला.

"अक्का, चिमटा कुठला?" मी गमतीने विचारलं. सगळे हसले. अक्का हसल्या नाहीत. हातातला तुकडा त्यांनी कागदावर ठेवला.

"त्या दिवशी माझा सापडत नव्हता. समोर पडला होता तो घेतला," म्हणाल्या आणि आत गेल्या.

संध्याकाळी त्या प्लास्टिकच्या चिमट्याने उचललेला नवा नमुना मोजून बाहेर आल्या. आलेखाची सरळ रेघ झाली होती, म्हणजे चुंबकत्व नव्हतंच.

"अक्का, मी उगाच विचारलं," मी म्हणालो.

"उगाच कसं? कुणीतरी विचारायलाच पाहिजे होतं की."

मग त्यांनी तो मैसूरपाक उचलून नीट न्याहाळला. "हा हातानेच वाटला होता ना? सरी, ठीक आहे मग," म्हणाल्या आणि खाल्ला.