तरवडाची माळ

चार बाया जमल्या की किस्से साठतातच. आम्ही तर तिघीच: मी, माझी जाऊ शारदा आणि शेजारची कमलकाकू. नवरात्रात मांजरसुंब्याजवळच्या डोंगरातून तरवडाची पिवळी फुलं आणायची आणि देवीच्या घटावर रोज एक माळ सोडायची, हे काम आमचं. पूर्वी हे किस्से सांगताना हसून पोट दुखायचं. आता डोकं तापतं!

*

एका साली मे महिन्यातच धो धो पाऊस झाला. सरपणाला गेलो तर सगळा उतार पिवळाजर्द! शारदा मोबाईल काढून फोटोवर फोटो घ्यायला लागली. काकू मात्र एका झाडापुढं कंबरेवर हात ठेवून उभी.

"अगं भवाने, घट बसायला लई दिस हायेत. आत्ताच कुणासाठी नटलीस?"

शारदानं मोबाईल खाली केला.

*

त्याच साली घटस्थापनेला वर गेलतो, तर फूल औषधाला न्हाई! रिकाम्या टोपल्या घेऊन देवळात आलो. पुजाऱ्यानं पिशवीतून प्लास्टिकच्या माळा काढल्या.

"धुतल्या की झालं! फुलांच्या मागं कशाला पळता?"

शारदा भडकली. "मग निवद बी प्लास्टिकचाच ठेवा!"

पुजाऱ्यानं माळा परत पिशवीत कोंबल्या. निवद त्याच्याच घरी जातो ना!

*

पुढच्या साली उलटंच. नवरात्राच्या तोंडावर पाऊस असा बसला की उठेना. कळ्या झाडावरच सडल्या. पिकांचा पंचनामा करायला एक साहेब आले. मी म्हटलं, "जरा डोंगरावर बी चला की."

"फुलांचा पंचनामा नसतो, बाई."

"कावून?"

"त्यांना मालक कुठंय?"

काकू गरजली, "मालकीण हाय! देवळात बसलीय, जा विचार!"

*

यंदा खालच्या उतारावरचा तेवढा तरवड वेळेवर कळ्यांनी भरला. बाळंतिणीला बघून यावं तसं आम्ही रोज बघून यायचो. घटस्थापनेच्या आदल्या दिवशी गेलो, तर सगळा उतार सपाट! जेसीबीचे दात मातीत उमटलेले. त्याच सपाटीवर मांडव, खुर्च्या. पुढारी येणार होते, हवामान बदलावर बोलायला!

शारदा रडायला लागली. काकू जाऊन पहिल्या रांगेत बसली.

पुढारी लई बोलले. निसर्ग कोपलाय म्हणाले, फुलांचं वेळापत्रक बिघडलंय म्हणाले. टाळ्या! मग खुर्चीत टेकून म्हणाले, "आता मायमाऊल्यांनी बी दोन शब्द बोलावेत."

काकूनं माईक हातात घेतला.

"साहेब, जरा उठता का?"

"कावून हो, काकू?"

"तुमच्या खुर्चीखाली देवीची माळ हाय."