सगळ्यात खालची चौकट

जमादार काकाजी मंगळवारी सकाळी गेले. त्या दिवशी पांढरकवड्याचं आमचं जिनिंग, म्हणजे कापसातून सरकी वेगळी करायचा कारखाना, बंद राहिला.

सरकी चावल्याशिवाय काकाजींना काही पटत नसे. कापसाची ओल मोजायला मालकांनी यंत्र आणलं होतं. काकाजी त्याचा आकडा ऐकून घेत, मग एक सरकी दाताखाली फोडत आणि यंत्राकडे नापास पोराकडे पाहावं तसं पाहत.

मी तिथे गेलो तो जिनिंगचं काम संगणकावर आणायला. त्यासाठी आधी कोण कोणाच्या हाताखाली, कोणाचा हुकूम कुठवर चालतो, याचा आराखडा काढावा लागतो. एकाखाली एक चौकटी: वर मालक, मग मॅनेजर, मग जमादार, आणि सगळ्यात खाली यंत्रात कापूस टाकणाऱ्या बाया. तो आराखडा मी कौतुकाने भिंतीवर लावला. काकाजींनी मान वाकडी करून पाहिला.

"साहेब, हे झाड उलटं काहून काढलं? मुळं वर अन् पानं खाली. वाळून जाईन ना बाप्पा!"

मी हसलो. पण यंत्रं थांबवायचा हुकूम मी मॅनेजरच्या चौकटीत ठेवला होता आणि काकाजी तिथेच अडून बसले.

"कापसात लोखंड आलं, ठिणगी उडाली. यंत्रावरची शांताबाई मले सांगीन, मी मॅनेजरले सांगीन, मॅनेजर तुमच्या कॉम्प्युटरले सांगीन. तवरक आग काय चहा पीत बसते?"

"पण काकाजी, कोणीही यंत्र थांबवायला लागलं तर शिस्त काय राहील?"

"शिस्त आगीले शिकवा पहिले."

मग रोज सकाळी ते माझ्या टेबलाशी येऊन विचारत, "झाड सरळ झालं काय?" पाचव्या दिवशी कंटाळून मी बायांच्या चौकटीत थांबवायचा अधिकार घातला आणि त्यांच्याजवळ एक लाल बटण बसवून घेतलं. काकाजींनी ते तीनदा दाबलं. तिन्ही वेळा सगळी यंत्रं थांबली, तिन्ही वेळा मॅनेजर धावत आले.

"चावून पाह्यलं," काकाजी म्हणाले.

पुढच्या हंगामात शांताबाईंना खरोखरच ठिणगी दिसली. कोणालाही न विचारता त्यांनी बटण दाबलं. ओंजळभर कापूस जळाला. शेजारचा ढीग वाचला, बायाही वाचल्या. मला वाटलं, काकाजी आता मला सोडत नाहीत. त्यांनी त्या जळक्या कापसातली एक सरकी उचलली, चावली आणि म्हणाले, "जास्तच वाळला."

आता जिनिंग पुन्हा सुरू आहे. जमादाराच्या चौकटीत अजून नाव भरलेलं नाही. सगळ्यात खालच्या चौकटीत थांबवायचा अधिकार आहे.