साडूभाऊंची खात्री

खात्री असल्याशिवाय तोंड न उघडणारा माणूस उभ्या वाशिम जिल्ह्यात एकच आहे आणि तो माझ्या वाट्याला साडू म्हणून आला आहे. मुलगी पाहून गेल्यावर पसंती कळवायला त्यांनी महिना लावला होता. मेव्हणी त्यावरून त्यांना अजून टोमणे मारते, पण फरक शून्य. "भाजीत मीठ बरोबर हाय का?" असं तिनं विचारलं, की हे गृहस्थ तीन भाकरी संपवून म्हणतात, "अजून थोडी वाढ, मंग सांगतो."

अशा माणसानं मोबाइलला सोयाबीनचे रोग ओळखायला शिकवायचं मनावर घेतलं. कारण आमच्या सासूबाई. मेडशी गावातलं सोयाबीनचं वावर त्यांनी एकटीनं राखलं, पानाकडे नुसतं पाहून रोग सांगायच्या. आता दोन्ही डोळ्यांची नजर गेली. "वावर माहं, अन् रोग लोकाईले इचारू?" एवढंच त्या म्हणाल्या. साडूभाऊंनी कुठूनसा तयार प्रोग्राम आणला. तो बिचारा परदेशात, पांढऱ्या कागदावर मांडलेल्या पानांवर शिकलेला. मेडशीत येऊन पार बावचळला. एस.टी.ची धूळ बसली की रोग, दुपारचं ऊन पडलं की रोग, आणि सासूबाईंचं हिरवं लुगडं मात्र निरोगी पान!

मग साडूभाऊ हजारो पानांचे फोटो काढत सुटले. उन्हातली, सावलीतली, धुळीतली, बकरीनं अर्धी खाल्लेलीसुद्धा. कोणत्या पानाला काय झालंय हे लिहून द्यायला कोणी नव्हतं. ज्या सांगू शकल्या असत्या त्यांनाच दिसत नव्हतं. मी काळजीनं विचारलं, तर म्हणाले, "रोगाची नावं कायले पाह्यजेत? ज्या पानाची मोबाइलले पक्की खात्री, तेवढंच खरं धरून पुढं शिकवाचं. बाकीचं उद्या." म्हणजे आपलाच स्वभाव त्यांनी मोबाइललाही चिकटवला. तो कित्येक दिवस बहुतेक पानांना "खात्री नाही" एवढंच बोलायचा. मी हसायचो. सासूबाई म्हणायच्या, "हसू नोका. खोटं त नाही बोलत."

गेल्या हंगामात एका सकाळी सासूबाईंनी वाकून, हातानं चाचपत एका झाडासमोर मोबाइल धरला. "पिवळा मोझॅक," मोबाइल ठणकावून म्हणाला. मी पाहिलं, पानांवर खरोखर पिवळे चट्टे होते. रोग पसरायच्या आत सासूबाईंनी ते झाड स्वतः मुळासकट उपटलं आणि माझ्या हातात दिलं. "कोनाले इचारा नाही लागलं," त्या म्हणाल्या. साडूभाऊ बाजूला नाक ओढत उभे होते. सासूबाईंनी त्या आवाजाकडे मान वळवली.

"काहून रडून राह्यले, जवाईबापू?"

"खात्री नाही," साडूभाऊ म्हणाले.

मला होती. माझेही डोळे कोरडे नव्हते.