बिनचऱ्याची बादली

बादली विकत घेताना मुकुंद तिच्यात डोकं घालायचा. मग डोळे मिटून आतून सगळीकडे बोट फिरवायचा. आइंडहोवनच्या दुकानातला डच माणूस हसायचा; मुकुंदला त्याचं काही नसे. "महाग म्हणजे चांगली असं नाही रे, ग्रंथपाल. आतून बघ. चऱ्यात जंतू लपले की बिअर गेली." मी सदा पुस्तकात, म्हणून मी ग्रंथपाल.

आइंडहोवनजवळच्या न्यूनेन गावात आमची घरं भिंतीला भिंत लागून. आठवडाभर चिप बनवणाऱ्या यंत्रांवर काम करणारा हा माणूस शनिवारी मागच्या शेडमध्ये बिअर करायचा. नवा थर्मामीटर आणला की आधी बर्फाच्या पाण्यात. एक अंश चुकला तरी परत. "खोटं बोलणाऱ्या थर्मामीटरपेक्षा आपलं कोपर बरं."

गेल्या हिवाळ्यात डॉक्टरांनी त्याच्या आजारावरचे उपचार थांबवले. त्याची खाट खाली, रस्त्याकडच्या खिडकीपाशी आली. "एक शेवटची करू या," तो म्हणाला. "दोन आठवडे आंबायला, दोन बाटलीत. तेवढा थांबेन म्हणतो."

तो पडल्यापडल्या सांगे, मी करी. एकच गोष्ट मी न विचारता केली. शेडमधली प्लॅस्टिकची बादली धुळकट दिसली, म्हणून हिरव्या घासणीने, भांड्यांची पावडर टाकून, आईने शिकवलं होतं तशी घासली.

दोन आठवड्यांनी चमचाभर बिअर त्याच्या ओठांना लावली. त्याने तोंड वाकडं केलं.

"आंबट ढाण. घासणीने घासलीस?"

"हो."

"कसून?"

"हो रे."

तो हसला, मग बराच वेळ खोकला. "पुणेकर! भांडं लख्ख दिसलंच पाहिजे. माझंच चुकलं, सांगायला हवं होतं."

त्याची बायको, स्मितावहिनी, आमच्याकडे पाठ करून पडदा सारखा करत राहिल्या. पुन्हा चार आठवडे म्हणजे काय, ते तिघांनाही कळत होतं.

"नवी आण," तो म्हणाला. "आतून बघून."

मी दुकानात गेलो, बादलीत डोकं घातलं. तीन बाजूला ठेवल्या, चौथी घेतली. घरी त्याने ती मांडीवर घेतली, डोळे मिटले आणि आतून बोट फिरवलं. फार वेळ लागला.

"ही चांगली आहे."

त्याच आठवड्यात, शुक्रवारी तो गेला.

बादली आता माझ्या शेडमध्ये आहे. मला ती वापरवत नाही, कुणाला देववतही नाही. मधूनच आतून बोट फिरवून बघतो. अजून एकही चरा नाही.