सुनीताचे मोकळे हात

काल घरात पोरं बोलत होती, कोणत्या धावपटूवर पिक्चर निघायला हवा. मोठमोठी नावं निघाली. मी भाकरी थापत होते, पण माझ्या डोळ्यांसमोर शेजारची सुनीता आली.

ती पोलीस भरतीसाठी रोज सकाळी शाळेच्या मैदानावर पळते. वय संपत आलंय, तिच्यासाठी ही शेवटचीच भरती. पळताना मंगळसूत्र उडून हनुवटीला लागायचं, म्हणून एका हाताने ते धरून पळायची आणि मागे पडायची.

एके सकाळी तिच्या सासूनेच, शांताबाईंनी, तिला थांबवलं.

"काढ ते. दे माझ्याकडे."

"आत्या, लोक काय म्हणतील?"

"लोक पळणारेत का तुझ्या जागी? पळ!"

शांताबाई विधवा आहेत. हरवायला नको म्हणून त्यांनी ते सरळ आपल्याच गळ्यात घातलं. मैदानाच्या कडेला उभ्या बायकांनी तोंडाला पदर लावला. त्यांनी तिकडे पाहिलंही नाही.

पळायला पाय लागतात एवढंच मला ठाऊक होतं. हातही मोकळे लागतात, हे त्या दिवशी कळलं.

सुनीतावर पिक्चर निघाला, तर मैदानाच्या कडेला एक म्हातारी दिसायला हवी, सुनेचं मंगळसूत्र गळ्यात घालून ओरडणारी, "पळ गं बाई, पळ!"