चारशे ऐंशी ग्रेनचा बाण

माझ्या रोजनिशीत लिओना ड्रेक्सलर पहिल्यांदा येते ती ७ ऑक्टोबर १९६१ रोजी. "लेस्टरची नवी बायको आज खांद्याला धनुष्य लावून आमच्या कुरणाच्या कडेने गेली. बुटकी आहे. हात हलवला." त्यानंतर पंचेचाळीस वर्षं आमच्या दोन घरांच्या मध्ये तेच एक कुरण होतं.

तिला धनुष्य शिकवलं लेस्टरने. त्याच्या गोठ्यात एक बाक होतं, त्यावर औषधाच्या दुकानात असतो तसा लहान काटा. सप्टेंबर जवळ आला की आसपासचे पुरुष आपापले बाण घेऊन यायचे आणि लेस्टर एकेक बाण काट्यावर ठेवून त्याचं वजन सांगायचा. ते वजन ग्रेनमध्ये असतं. साध्या पोस्टकार्डाचं चाळीसएक ग्रेन भरेल. लिओनाचे हात आखूड होते आणि तिचं धनुष्य हलकं होतं. सगळे तिला सांगायचे, "तू हलका बाण घे, म्हणजे निदान पोचेल तरी." लेस्टर म्हणायचा, "पोचून काय करायचंय? आरपार गेला पाहिजे. धनुष्य हलकं असेल तर बाण जड, पातं धारदार, आणि जवळ जायचं. जवळ जाता येत नसेल त्याने घरी बसावं."

ती जवळ जायला शिकली. चीजच्या कारखान्यात चौतीस वर्षं तिने वड्या बांधल्या, तीन मुलं वाढवली, आणि दर शरदात एक हरिण घरी आणलं. माझ्या वह्यांत ती सगळी हरणं आहेत, कारण मांसातला वाटा आमच्याकडे यायचा.

मार्च २००२ मध्ये लेस्टरला पक्षाघाताचा झटका आला आणि त्याची उजवी बाजू गेली. जीभ तीन महिन्यांनी परत आली, आधीपेक्षा तिखट होऊन. त्याचा पलंग पुढच्या खोलीत खिडकीपाशी लावला. तेव्हापासून त्याला उचलणं, वळवणं, अंघोळ घालणं, भरवणं सगळं लिओनाकडे. तिचा उजवा खांदा कारखान्यातच झिजलेला होता, तो आता रात्री ठणकायचा. धनुष्याचा ताण ती दर वर्षी कमी करत गेली: पन्नास पौंड, पंचेचाळीस, मग अडतीस.

माझा नवरा वॉल्टर त्याआधी दोन वर्षं वारला होता. शिकारीच्या दिवसांत मंगळवार, गुरुवार आणि शनिवारी, दुपारी तीन ते साडेपाच, मी लेस्टरपाशी बसायला लागले. बाकीच्या वर्षात मी कितीदा म्हटलं, "मी बसते, तू जरा बाहेर जाऊन ये." ती म्हणायची, "कुठे जाऊ?" आणि खरंच, दुकानाला वीस मिनिटं पुरतात. एखादी बाई काही काम नसताना जाऊन नुसती झाडाखाली बसते, असं आमच्याकडे कोणी ऐकलेलं नाही. शिकारीला जाते म्हटलं की मात्र कोणी काही विचारत नाही, पाद्रीसुद्धा नाही.

२००४ च्या ऑक्टोबरात एकदा ती रिकाम्या हाताने परत आली. तिसरं वर्ष रिकामं चाललं होतं. कप विसळताना मी विचारलं, "दिसलं का काही?"

"दोन दिसली. वीस पावलांवर."

"मग?"

"माझा बाण चारशे ऐंशी ग्रेनचा आहे, अ‍ॅडी. या धनुष्यातून तो सेकंदाला दीडशे फूट जातो. वीस पावलांवर तो पोचेपर्यंत हरिण खाली वाकून निघून जातं. बारा पावलांच्या पलीकडे मी सोडतच नाही."

"मग हलका घे ना."

तिने कप पुसून ठेवला. "आणि आज मारलं तर परवा कुठे जाऊ?"

आमच्या भागात त्या काही वर्षांत माद्या मारायला बंदी होती. एका परवान्यावर एक नर, आणि तो मिळाला की त्या माणसाची शिकार संपली. तिने बाण जड ठेवला होता तो त्यासाठी. बारा पावलांवर सहसा काही येत नाही. सप्टेंबर ते नोव्हेंबर, आठवड्यातले तीन दिवस, अडीच तास तिला कोणी हाक मारत नव्हतं. त्या दिवशी मी वहीत लिहिलं, "लि. ला आज काही मिळालं नाही," आणि तेवढंच ठेवलं.

डुएन तिचा जावई. मनाने चांगला. २००६ च्या ऑगस्टमध्ये तिच्या वाढदिवसाला त्याने कार्बनचे सहा नवे बाण आणले.

"तीनशे ग्रेन, आई! तुमच्या धनुष्यातून सेकंदाला एकशे पंच्याण्णव फूट. मी यंत्रावर मोजलंय. आता पंचवीस पावलांपर्यंत काळजी नाही."

"माझे आहेत की."

"ते कसले बाण? सळया आहेत सळया. पिसंही झडलीत. मी घेऊन जातो, नवी पिसं लावून आणतो."

पलंगावरून लेस्टर म्हणाला, "तीनशे? फाटक्या पतंगाची काडी आहे ती."

"बाबा, चार वर्षांत त्यांना एक हरिण नाही मिळालं."

"ते बाणामुळे नाही. म्हातारी झालीय ती."

मुलगी हसली, डुएन हसला. लिओनाने केक कापला. जाताना डुएनने जुने बाण खरोखरच गाडीत टाकले, आणि नव्या बाणांप्रमाणे तिच्या धनुष्यावरच्या नेमाच्या खुणा बदलून गेला.

शनिवार, १६ सप्टेंबर. शिकारीचा पहिला दिवस. पिसं लावायला दिलेले बाण परत आले नव्हते. तीनला ती गेली, चारला परत आली. दारात उभी राहिली ती आत येईना.

"पडलीस का?" मी विचारलं.

"नर होता," ती म्हणाली. "चोवीस पावलांवर. ओकची फळं खात होता. मी चार वर्षं अशी चोवीस पावलांवरची हरणं नुसती बघत आलेय. आज खूण बरोबर त्याच्या खांद्यामागे होती, आणि मी ठरवायच्या आधीच हाताने बाण सोडला."

"कदाचित पळून गेला असेल."

"चाळीस पावलं पळाला. मी बघून आले. पडलाय."

आत लेस्टर ओरडला, "काय झालं? कोण पडलंय?"

खोटं बोलणं पाप, हे मी शेवटपर्यंत नन्सच्या शाळेत शिकले, तरी त्या दारात मी लिओनाला म्हटलं, "डुएनला बोलाव. त्याच्या परवान्यावर नोंदू दे."

"मी मारलाय," ती म्हणाली. "दुसऱ्याच्या नावावर कसा टाकू?" मग तिने आत जाऊन फोन उचलला, पण डुएनला बोलावलं ते हरिण उचलून गाडीत घालायला.

मारलेल्या हरणाची नोंदणी पेट्रोल पंपावर असते. लेस्टरपाशी त्यांच्या मुलीला बसवून मीही गेले. गाडीच्या मागे आठ-दहा जण जमले.

"अरे, लिओना! पहिल्याच दिवशी!"

"सुटलीस बाई. आता नोव्हेंबरच्या थंडीत कुडकुडायला नको."

"खांदा कसा म्हणतोय? आता पुढच्या वर्षापर्यंत आराम कर!"

प्रत्येकाने तिचा तोच खांदा थोपटला. डुएन सगळ्यांना बाणाचं वजन सांगत होता. ती नोंदवहीवर सही करत होती आणि मला तिचा हात दिसत होता. सही नेहमीसारखीच होती. गाडीत बसल्यावर ती म्हणाली, "अडीच महिने होते, अ‍ॅडी." घर येईपर्यंत डोळे मिटून बसली, पण झोपली नव्हती.

मंगळवारी तीन वाजता मी विणकाम घेऊन गेले. तिने घरातल्याच कपड्यांत दार उघडलं.

"संपलं आता. तू कशाला आलीस?"

"सवय. तू जा की, नुसतं फिरून ये."

"जा जा," लेस्टर म्हणाला. "पण कुठे चाललीस ते सांग. डॉक्टरकडे? तब्येत बरी नाही का तुझी? पाय दुखतोय?"

"कुठेच चालले नाही," ती म्हणाली, आणि बटाटे सोलायला बसली. त्यालाही दोष देता येत नाही. खिडकीतून दिसतं तेवढंच त्याचं जग. घरातली एकुलती चालती व्यक्ती कारणाशिवाय बाहेर गेली की तो घाबरायचा. गुरुवारी तसंच. शनिवारी तसंच. पुढच्या मंगळवारी ती बटाट्यासमोर बसल्या बसल्या झोपलेली होती, सुरी हातात. मी सुरी काढून घेतली तरी जागी झाली नाही.

त्या दिवशी घरी जाताना मी पंपावर थांबले आणि शिकारीच्या नियमांचं फुकट मिळतं ते पुस्तक घेतलं. जेवणानंतर चष्मा लावून पहिल्या पानापासून वाचलं. हरणाचं पान मी सोडून दिलं. अस्वल, बदक, रानकोंबडा. मग लहान जनावरांचं पान आलं. दुसऱ्या दिवशी ते पुस्तक घेऊन मी तिच्या स्वयंपाकघरात उभी राहिले.

"खार," मी म्हटलं. "हिवाळा सरेपर्यंत चालते. रोज पाच मारायची मुभा आहे. धनुष्य चालतं. परवाना वेगळा, तिथेच पंपावर मिळतो."

तिने पानावरच्या आकड्यावर बोट ठेवलं. "पाच?"

"रोज."

"मी आयुष्यात खार मारलेली नाही."

"मग वेळ लागेल," मी म्हटलं.

ती हसली नाही. हसायला लागतं तेवढं बळ तिच्यात त्या दिवशी नव्हतं. तिने हात पुसले आणि फोन केला. "डुएन, माझे जुने बाण आणून दे. टोकाला पात्याऐवजी रबरी बोंडं लाव... हो, पिसं नसली तरी चालतील... माहीत आहे मला, हळू जातात."

गुरुवारी तीन वाजता तिने बूट चढवले. लेस्टर बघत होता. "कुठे?"

"खारीला."

"खारीला! ऐकलंस का अ‍ॅडलीन? आठ टोकांच्या शिंगांचा नर पाडणारी बाई आता खारी मारणार! अगं, तो जड बाण सुटेपर्यंत खार वर जाऊन, जेवून, झोपेल."

"बघू," ती म्हणाली आणि दार ओढून घेतलं. लेस्टर तासभर खारींवर बोलत होता, मजेत होता. मी विणत होते.

साडेपाचला ती आली. एका गालावर झाडाच्या सालीचे वळ उठले होते.

"किती?" लेस्टरने विचारलं.

"एकही नाही."

"नेम गेला तुझा."

"गेला," ती म्हणाली, आणि त्याला कुशीवर वळवायला वाकली. "शनिवारी परत बघते."