घोड्याची दाढ
टूथब्रशचे केस वाकडे झाले की मला ती दाढ आठवते. ब्याण्णव-त्र्याण्णवची गोष्ट असेल. कोपरगावजवळ गोदावरीच्या काठी आमचं उत्खनन चालू होतं. चैत्रातलं ऊन, दाताखाली कचकचणारी माती, आणि दुपारपर्यंत सगळेच गळून गेलेले. मी जुन्या टूथब्रशने घोड्याचा एक जबडा साफ करत बसले होते. पुढच्या दाढेची कड तिरकी झिजली होती आणि ती कशाने, ते मला काही केल्या कळत नव्हतं. मातीच्या पाट्या वाहणारे एक म्हातारबुवा शेजारी टेकले. पूर्वी त्यांचा स्टेशनावर टांगा होता. रिक्षा आल्या आणि तो बंद पडला. त्यांनी दाढेवरून अंगठा फिरवला. "लगामाचं लोखंड चावलंय यानं. लई वढलं की तोंड दुखतंय, मग घोडं लगाम दाढंत धरतंय." मी घाईघाईने लिहून घेऊ लागले, तसे ते हळूच म्हणाले, "माज्या घोडीची बी अशीच हुती. मला वाटायचं तिला खोड हाय, म्हनून आनिक वढायचो." मग त्यांनी पाटी उचलली. अहवालात मी 'लगामाने झालेली झीज' एवढंच लिहिलं. खोड कुणाची होती, ते लिहायला तक्त्यात रकाना नव्हता.